वानखडे सरांची पट्टी

प्रयोगशाळेत नोकरी केली की किस्से साचतातच. बाटल्यांच्या तळाशी गाळ साचतो, तसे! अमरावतीच्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो, साठ सालाच्या आसपास. माझे सगळे किस्से केमिस्ट्रीच्या वानखडे सरांचे. आता सांगताना हसू कमी येतं, हळहळच जास्त वाटते.

सरांना एकच ध्यास: लोखंडाला लोखंड रिव्हेटशिवाय जोडायचं. राळ आणि रबराचं मिश्रण कापडी पट्टीला फासायचं, ती पट्टी दोन तुकड्यांत दाबून भट्टीत शेकायची.

"राळ लय कडक, पन झटका बसला का तुटते. रबर वाकते, पन भार धरत नाई. दोघाईचं लगन लावून टाकू!"

आमचा शिपाई गणपत गंभीरपणे म्हणाला, "सर, पत्रिका पायल्या का?"

*

कॉलेजात भट्टी कुठली! सर पट्ट्या रहीमचाचांच्या बेकरीत शेकत. एकदा चाचा हात जोडून म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक पुसून राहिले, पावाले टायरचा वास कावून येते?"

*

सरांच्या घरी पितळी झाकणाची मूठ निघाली. सरांनी पट्टी लावून, बेकरीत शेकून लोखंडी मूठ बसवली.

"वरनात पडली तं तुमालेच वाढीन!" सरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, बजावलं. मूठ काही पडली नाही.

*

मग मुंबईच्या एका कंपनीचा साहेब पट्टी पाहायला येणार असं ठरलं. पसंत पडली तर सरांना तिथल्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी! सरांनी पट्टीची गुंडाळी पत्र्याच्या कपाटात जपून ठेवली. वऱ्हाडातला मे महिना! साहेबासमोर कपाट उघडलं, तर उन्हानं पट्टी आतल्या आत शेकून स्वतःलाच चिकटलेली!

गणपतनं ओढून पाहिली. "सर, सुटूनच नाई राहिली!"

"म्हंजे लगन टिकलं," सर म्हणाले.

साहेब हसला नाही. "फ्रिजमध्ये का नाही ठेवलीत?"

कॉलेजात फ्रिज नव्हता. नवी पट्टी वाळायला आठवडा लागे, आणि साहेबाची गाडी संध्याकाळीच बडनेऱ्याहून होती. घरचं झाकण दाखवायचं आम्हा कोणालाच सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. सरांनी पुन्हा पट्टी केली नाही.

*

सर वारले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी वहिनींकडे गेलो होतो. दारात मोडीचं पितळ घेणारा बसलेला. लोखंडी मूठ वजनात नको, म्हणून तो झाकणावर हातोडी मारत होता. झाकण वाकलं, मूठ सुटेना!

"लय पक्कं हाय, बाई! कोनं लावलं? तो मानूस भेटन काय?"

वहिनींनी झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं.

"नाई भेटत. त्याईले मुंबईच्या कंपनीनं नेलं."