क्रेनवरच्या माणसाचं पोट

भोसरीच्या एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकारखान्यात, कादर क्रेन चालवायचा. जमिनीपासून चाळीस फुटांवर, छताखालून सरकणाऱ्या काचेच्या केबिनमध्ये त्याची बैठक. सकाळच्या शिफ्टला पत्र्याच्या फटींतून ऊन तिरपं आत यायचं, त्यात धूळ तरंगत राहायची, आणि कादरला वाटायचं, आपणही तिच्यासारखेच कुठे टेकलेलो नाही. खाली माणसं बोटाएवढी. टनभर वजनाची साच्याची पेटी त्याने दांडी जराशी ओढली की अलगद वर यायची. कासारवाडीच्या दोन खोल्यांत सहा जणांबरोबर राहणाऱ्या माणसाला एवढा एकांत दुसरीकडे कुठे मिळणार? त्या केबिनवर त्याचा जीव होता.

पोट मात्र त्याला तिथे सुखाने बसू देत नव्हतं. चार वर्षं झाली, बत्तीस पायऱ्यांच्या शिडीखाली उभं राहिलं की पोटात मुरडा उठायचा. वर गेल्यावर घाईची लागली तर? हुकाला वजन लटकत असताना उठायचं कसं? कुणाला सांगावं, तर सगळी शेड हसेल, आणि अनफिट म्हणून कायमचं खाली बसवतील. मग कादरसाहेबांनी स्वतःच इलाज शोधला: शिफ्ट संपेपर्यंत जेवायचंच नाही. सकाळी तीन कप चहा आणि डबा तसाच घरी परत. रिकामं पोट काय दुखणार, असा त्याचा तर्क. बायकोने, शमीमने, ओवा दिला, बडीशेप दिली, कुणी सांगेल तो काढा पाजला. कादरने मटण सोडलं, डाळ सोडली, वांगं सोडलं. मुरडा काही सुटला नाही.

एका गुरुवारी पेटी हलली. अकराच्या सुमारास कादरच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, हात क्षणभर उशिरा थांबला आणि पेटीने झोका घेतला. खाली दादासाहेब उभे होते. कारखान्याच्या आवाजात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून खालचा माणूस हातानेच वर सांगतो: उचल, सोड, डावीकडे, थांब. ते काम दादासाहेबांचं. त्यांनी 'थांब'ची खूण केली, पण पेटी त्यांच्या खांद्याजवळून हातभर अंतरावरून गेलीच.

दादासाहेब दिघीचे, जुन्या शेतकरी घरातले, तीस वर्षं याच शेडमध्ये काढलेले. त्यांनी कादरला खाली बोलावून बाकावर बसवलं.

"झोप लागली व्हती का तुला?"

"नाही, दादासाहेब."

"मग काय झालं ते खरं सांग. माझं डोस्कं गेलं असतं आज."

कादरला रडूच कोसळलं. आपल्या हातून हा माणूस मेला असता, या विचाराने त्याची लाजबीज सगळी गळून पडली. त्याने पोटाची सारी कहाणी सांगितली.

"चार वर्सं? आन् मला न्हाई सांगितलंस?" दादासाहेब चिडले होते, पण त्यांनी त्याला पाणी दिलं. मग त्याला सुपरवायझर भाग्यश्री मॅडमकडे नेलं. मॅडम कादरपेक्षा वीस वर्षांनी लहान. तो भिंतीकडे बघत बोलला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, दोन आठवडे खाली काम करा, डॉक्टरांना दाखवा, मग ठरवू. कादरला वाटलं, केबिन गेली.

डॉक्टरांनी आधी विचारलं, शौचातून रक्त जातं का, वजन घटलंय का, पोटदुखीने झोपेतून जाग येते का. तसलं काही नव्हतं. तपासण्याही नीट आल्या. "याला आयबीएस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आतडं धड आहे, पण हळवं आहे. दुसऱ्याला जे जाणवतही नाही, ते तुम्हाला दुखतं. तुम्ही ढोंग करत नाही. पण मन घाबरलं की आतडं आवळतं, हेही खरं." उपाशी राहायचं नाही, वेळेवर थोडं थोडं खायचं, रिकाम्या पोटी चहा बंद, मुरड्यासाठी गोळी. शिवाय एक वही ठेवायची: काय खाल्लं, पोट कसं होतं, मन कसं होतं.

ते दोन आठवडे स्वप्नात असल्यासारखे गेले. कादर खाली झाडलोट करायचा, वर बघायचा. त्याच्या जागी सनी नावाचा पोरगेला ऑपरेटर बसलेला. उन्हात केबिन हळूहळू सरकायची आणि कादरला वाटायचं, आपलीच सावली वर राहिली आहे.

वहीत गमतीच सापडू लागल्या. कच्च्या कांद्याने पोट फुगत होतं, ते खरं. पण डाळ निर्दोष. रविवारी मेव्हण्याकडे बिर्याणी हाणली, तरी पोट गप्प. बिचाऱ्या मटणावर चार वर्षं उगाच आळ. आणि दुसऱ्या बुधवारी त्याने लिहिलं: 'जेवण दही-भात. मॅडम म्हणाल्या, सोमवारी वर चढून बघा. पाच मिनिटांत मुरडा.'

ते पान त्याने मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं, जरा विचार केला आणि विचारलं, "तुम्हाला वरून काही सांगायचं असलं, तर कसं सांगता?"

खालून वर सांगायच्या डझनभर खुणा होत्या. वरच्याकडे एक घंटा, तीही 'बाजूला व्हा' म्हणण्यापुरती. क्रेनवरच्या माणसालाही काही सांगायचं असेल, हे तीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. त्या दिवशी ठरलं: घंटेचे तीन ठोके म्हणजे वजन खाली टेकवून कादर उतरणार आणि सनी चढणार.

कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. कादर वर गेला. दुपारी केबिनमध्येच डबा उघडायला लागला. पोट कुरकुरायचं, कधी गोळीही लागायची, पण उतरता येतं हे माहीत असल्यामुळे मुरडा बहुतेक वेळा आपोआप विरायचा. महिनाभर तीन ठोके वाजलेच नाहीत.

मग एका मंगळवारी वाजवावे लागले. पेटी टेकवली, घंटा दिली, आणि कादर कानकोंडा होऊन उतरू लागला. आता सगळी शेड माना वर करून बघणार, हसणार. अर्ध्या शिडीवर थांबून त्याने खाली पाहिलं. कुणी साचा घासत होतं, कुणी पाणी पीत होतं, दादासाहेब चष्मा पुसत होते. एकही मान वर झाली नव्हती. या माणसांच्या नजरेला भिऊन तो चार वर्षं उपाशी राहिला होता, आणि त्यांना त्याच्याकडे बघायला सवडच नव्हती.