मुकुट नसलेलं निशाण

एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून ते म्हणायचे, "नीट पाह्य गा, मंग बोल." आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. झाड असो, माणूस असो की बायकोनं लाटलेली पोळी, अंगठ्यानं मापल्याशिवाय त्यांचं मत पक्कं होत नसे. तुमच्याही शाळेत असे एखादे मास्तर असतीलच.

मी तिथंच गणित शिकवायचो. राज्य इंग्रजांचं. नागपूर शहरासाठी निशाण करायचं ठरलं आणि मास्तरांनी चित्र काढलं: वळणं घेत जाणारा नाग, म्हणजे आपली नाग नदी, एका काठावर संत्र्याचं झाड, दुसऱ्यावर कोष्ट्यांच्या मागावरचा धोटा.

चित्र दाखवायला हेडमास्तर आणि मीही सोबत गेलो. गोऱ्या साहेबानं आठ्या घातल्या. "साप? आमच्याकडे हा सैतान."

"आमच्याकडे त्याले पुजतात, साहेब."

साहेब हसला. नाग पास झाला. मग म्हणाला, "आता वर राजाचा मुकुट काढा."

"ह्या शहरात जे हाय, ते काढलं. मुकुट कुठं दिसला नाही मले."

बाहेर आल्यावर हेडमास्तर काकुळतीला आले. "एवढासा मुकुट, चितारून द्या नं! नोकरी काहून घालवता?"

"गेली तं गेली. खोटं चित्र नाही काढत मी."

नोकरी राहिली, बदली झाली. शहराच्या टोकाला, विणकरांच्या वस्तीतल्या लहानशा शाळेत. तिथं मास्तरांनी ते चित्र भिंतीवर लावलं. कोष्ट्यांनी पाहिलं. आपला धोटा, शहराच्या निशाणावर! त्यांनी पिवळं कापड विणलं, बायकांनी त्यावर नाग, झाड आणि धोटा भरला आणि नागपंचमीला आखाड्यासमोर काठी उभी राहिली. दोरी मास्तरांच्या हाती दिली. निशाण वर जाऊन फडफडलं, तेव्हा एक म्हातारा कोष्टी मला म्हणाला, "पाहून राहिले नं, गुरुजी? आपलं हाय हे."

पुढं दरवर्षी मास्तरच ते चढवत.

ते गेले त्या वर्षी नागपंचमीला दोरीला कोणी हात लावेना. शेवटी बायका मास्तरांच्या घरी जाऊन मास्तरीणबाईंना घेऊन आल्या. चार माणसांत त्या कधी उभ्या राहिलेल्या नव्हत्या.

"मले नाही जमत वं."

"जमते बाई, ओढा."

त्यांनी ओढली. पैलवानांनी मातीचेच हात जोडले. निशाण टोकाला पोचलं आणि डोक्यावरचा पदर घसरला तरी बाई मान वर करून बघत राहिल्या.