सरडा सोडून

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरमालकीण अक्का यांना अंड्याचा वास गल्लीच्या तोंडावरून येत असे. दारावर ऑइलपेंटने रंगवलेली पाटीच होती: 'मांस-अंडी खाणाऱ्यांना जागा मिळणार नाही.' आमच्या आधीच्या भाडेकरूने एकदा आमलेट केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला सामान न्यायला टेम्पो बोलवावा लागला. अक्का साठी ओलांडलेल्या, गळ्यात करडी, म्हणजे चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला विभूती, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. वरच्या मजल्यावरची जागा आम्हाला मिळाली ती आम्ही शाकाहारी म्हणून. माझ्या अंगात दुसरा काही गुण त्यांना दिसला असेल असं वाटत नाही.

अशा घरात मी सरडा आणला. साधासुधा नाही, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, दाढीवाला. मुलीने पुण्यात रीतसर कागदपत्रं करून हे पिल्लू घेतलं, होस्टेलने ठेवू दिलं नाही, म्हणून मे महिन्यात काचेच्या पेटीसकट ते माझ्याकडे आलं. "बाबा, तुम्ही झूलॉजी शिकवता, तुम्हाला काय अवघड," असं ती म्हणाली. ज्युनिअर कॉलेजात एकोणीस वर्षं मी फळ्यावर झुरळाची पचनसंस्था काढतो आहे. घरात जिवंत झुरळ निघालं तर मी पलंगावर चढतो आणि झाडू बायको घेते, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिने माझ्यावर भरवसा ठेवला. दिवाळीपर्यंत त्याला जगवायचं, एवढंच माझं काम होतं.

पहिला पराक्रम दिव्याचा. परदेशी व्हिडिओत पाहून मी उष्णतेचा दिवा आणला आणि सोलापुरातल्या मे महिन्यात भर दुपारी त्या जिवावर लावून ठेवला. अक्का वर आल्या, घाम पुसत पेटीकडे बघत राहिल्या.

"मास्तर, सोलापुरात जाळ विकत आणला तुमी," असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं. "सकाळच्याला गच्चीवर घिऊन बसा की. फुकट हाय तितं." मग त्यांनी विचारलं, "ह्ये खातं काय?"

"पाला," मी म्हणालो. "शुद्ध शाकाहारी आहे."

हे अगदीच खोटं नव्हतं. पूर्ण वाढलेले हे सरडे मुख्यतः पाला खातात असं पुस्तकात दिलं होतं. पिल्लांना किडे लागतात, हेही त्याच पानावर होतं. पण अक्कांची पाटी आणि माझं किड्यांचं भय, या दोहोंमुळे ते पान मी अर्धंच वाचलं. मेथी दिली, भिजवलेले मूग दिले. ताकद यावी म्हणून पाल्यावर शेंगदाण्याचं कूट भुरभुरलं. सोलापुरी माणसाला दुसरं सुचणार काय? सरडा पाल्याचं एखादं टोक चावायचा आणि मान फिरवायचा. श्रावण आला तोवर त्याच्या शेपटीची हाडं मोजता येत होती आणि मी मुलीला जूनमधलेच फोटो पाठवत होतो.

अक्का त्याला 'पाव्हणं' म्हणत. त्यांना पाहिलं की तो एक हात उचलून हळूच गोल फिरवायचा. "बघा, मला शरणु करतंय," त्या खूश होऊन म्हणत. शरणु म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार. तो हात भीतीचा, शरणागतीचा असतो, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. मला पाहून त्याने कधी हात हलवला नव्हता. मी भिण्याजोगाही वाटत नसेन.

श्रावणातल्या एका सोमवारी अक्का शेतातून आलेली मेथीची जुडी घेऊन वर आल्या. सरडा पेटीबाहेर फरशीवर निपचित पडला होता. जुडीतून एक नाकतोडा उडाला आणि त्याच्यासमोर बसला. चार दिवस मान न उचललेला तो प्राणी असा झेपावला की मीच दोन पावलं मागे सरलो. कुरकुर आवाज झाला आणि नाकतोडा संपला. माझ्या डोळ्यांपुढे टेम्पो उभा राहिला.

अक्का उंबऱ्यावर बसल्या. "किती दिस उपाशी ठिवलं त्येला?"

मी मेथीची जुडी उचलून बाजूला ठेवली.

"माज्या भ्यानं?"

"हो," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्या घरात, माज्या भ्यानं, एक जीव उपाशी. मास्तर, पाव्हण्याला आपला उपास लावत न्हाईत." माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी अक्का अक्कलकोट रस्त्यावरच्या त्यांच्या शेतावर जात, आणि येताना झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला स्टीलचा डबा आणत. फवारा न मारलेल्या बांधावरचेच नाकतोडे त्यात असत. एका हाताच्या चिमटीत नाकतोडा, दुसरा हात गळ्यातल्या लिंगावर. "तिन्नप्पा," खा रे बाबा, असं म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या. त्याने खाल्ल्याचा आवाज झाला की खाली जाऊन आंघोळ करायच्या आणि मग पूजेला बसायच्या. मी लांबून डब्याचं झाकण सांभाळत असे, तेही रुमालाने धरून.

गणपतीच्या सुमारास पाटीखाली नवी ओळ दिसली: 'सरडा सोडून.' मी विचारलं, तर म्हणाल्या, "खोटी पाटी दारावर नको." गल्लीतले लोक थांबून वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे.

दिवाळीला मुलगी आली. गुबगुबीत सरडा पाहून तिने मला मिठी मारली. "बाबा, किडे तुम्ही भरवले? खरंच?" मी काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात चकल्यांचा डबा घेऊन आलेल्या अक्का म्हणाल्या, "मंग? मास्तरांनीच की, सोताच्या हातानं." पाटीवर खोटं न चालणाऱ्या बाईने माझ्यासाठी सरळ खोटं सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

होस्टेलचा नियम काही बदलला नाही, म्हणून सरडा माझ्याकडेच राहिला. पुढच्या वर्षी पौषात अक्का गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं. सरडा तेव्हा हिवाळ्याच्या झोपेत होता; त्याला काही कळलं नाही. मला मात्र अक्कांनीच दाखवलेल्या गच्चीवर सकाळी जायचं धाडस होईना. हैदराबादहून आलेल्या त्यांच्या मुलाने पाटी तशीच ठेवली, "आईची आहे" म्हणाला, आणि खालच्या खोल्यांना कुलूप लावून गेला.

शिवरात्रीनंतर पाव्हणं उठलं. पाला टाकला तर बघेना. दाराकडे तोंड करून बसलं. तिसऱ्या दिवशी मी तो स्टीलचा डबा घेतला आणि शेतावर गेलो. पन्नाशीचा प्राध्यापक कडवळाच्या हिरव्या चाऱ्यात धावताना आणि पडताना तिथल्या म्हशींनी पाहिला. दोन तासांत तीन नाकतोडे मिळाले.

घरी येऊन मी चिमटीत एक धरला. त्याचे पाय बोटाला खरवडत होते. मी डोळे मिटले. सरडा हलेना. मग मला आठवलं आणि मोडक्या कानडीत म्हणालो, "तिन्नप्पा."

त्याने नाकतोड्याबरोबर माझं बोटही धरलं. रक्त आलं. बोट धरून मी तसाच जिन्याच्या तोंडाशी धावलो आणि खाली हाक मारली, "अक्का, भरवलं बघा, माझ्या हातानं."

खाली कुलूप होतं.