मधात कॉम्प्युटर

२००९ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, चौथी शिकलेला, आणि अल्लीपुरात माझं पाइप-मोटारींचं दुकान होतं. मुलाने दुकानात बसावं, एवढंच माझं म्हणणं. तो पुण्याला नोकरीवर गेला. मग मीही ठरवलं, आपण होऊन फोन करायचा नाही. त्याचंही तसंच. त्याची खुशाली मला आणि माझी त्याला मुलगीच सांगायची.

त्याने बहिणीसाठी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन पाठवलं. तसंच एक पुण्यात त्याच्याजवळ होतं. नेटवरून दोघं बहीणभाऊ शर्यत खेळणार, बोलणार. आमच्याकडे नेट म्हणजे कॉम्प्युटरला खोचायचं डोंगल. मी ते उपसून मशीनच्या भोकात घातलं. बरोबर बसलं, पण नेट काही आलं नाही.

रेंज नसेल म्हणून टीव्हीसकट सगळं खिडकीशी सरकवलं. मग अंगणात काढलं. मुलगी कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"बाबा, रेंज आहे. मशीन डोंगलले ओळखूनच नाई राह्यलं."

"भोकात बसलं न? मंग काऊन नाई ओळखत? ओळख करून दे."

"तशी नाई होत. मधात कॉम्प्युटर घ्या लागते. डोंगल त्याले, अन् त्याच्यातून वायर मशीनले. तुमचं न दादाचं चालते तसं. मधात मी."

मी सामान आत नेलं.

वायर जोडल्यावर संध्याकाळी पडद्यावर दोन गाड्या आल्या. तेवढ्यात दूध उतू चाललं. मुलगी गाडी चालवायची बटणं आणि कानाला लावायचं यंत्र माझ्या हातात देऊन आत पळाली. त्यातून बारीक आवाज आला, "आहेस का वं?"

मी ते कानाला लावलं. "आहे."

पलीकडे गप्प. मला वाटलं, नेट गेलं.

"बाबा?"

"हा फोन नाई. गेम आहे."

"हो, गेमच आहे. बाबा, उलटे चालले तुम्ही. गाडी फिरवा."

"कुठून फिरवू?"

तो सांगत गेला, मी बटणं दाबत गेलो. त्याचा आवाज माझ्या बापासारखा भारी झाला होता. मुलीने हे कधी सांगितलं नव्हतं. निरोपात ते कसं येणार?

ती दारात येऊन उभी राहिली. यंत्र मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी स्वतः त्याचा नंबर लावला.