सुधाची बरणी

निटुरे सर पाईप ओढण्यापेक्षा पाईपचा तंबाखू सांभाळण्यातच जास्त रमत. लातूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा खालच्या फडताळात लोणच्याच्या सात बरण्या पाहून वाटलं, या एकट्या माणसाला लोणचं लागतं तरी किती! पण प्रत्येक बरणीत निराळा तंबाखू होता. हैदराबादचे त्यांचे जुने मित्र तो पाठवत.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. धुरावर वाळवलेला काळपट लताकिया ते गोडसर व्हर्जिनियापासून चार हात लांब ठेवत. "बाई, एकाचा वास दुसऱ्याला लागला की दोन्हीबी कामातून गेले," म्हणत. उन्हाळ्यात तंबाखूचा भुगा होऊ नये म्हणून खापराचा तुकडा भिजवून, पुसून बरणीत ठेवत. कुणी झाकणाला हात लावलाच तर म्हणत, "सबूर. मुरून राहिलाय तो, मुरू द्या."

सुधा त्यांची मुलगी. आई लवकर गेल्यामुळे वडिलांच्याच हाताखाली वाढलेली. किल्लारीकडच्या एका गावात दिली होती. पंचमीला माहेरी आली आणि सर पाईपसाठी मिश्रण करत तसं तिनं आपल्या अंदाजानं तीन तंबाखू एका बरणीत एकत्र केले. सरांनी सवयीप्रमाणे चूक काढली, "लताकिया जास्त झाला, सुधे."

"आत्ताच न्हाई सांगायचं. दिवाळीला मी आले की उघडा, मग बोला," ती म्हणाली आणि बरणीच्या तोंडाला मेण लावून मोकळी झाली.

दिवाळीच्या आधी भूकंप झाला. सर तिच्या गावी गेले, ते तिसऱ्या दिवशी परतले. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. "घरच राहिलं न्हाई, बाई," एवढंच म्हणाले. सुधाचं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून पाईप बंद झाला. बाकी बरण्यांतली खापरं मात्र दर रविवारी भिजत राहिली. मेण लावलेल्या बरणीवरची ते नुसती धूळ पुसत.

पुढं लातुरात शिकवणीवर्गांचं पेव फुटलं. नायगाव, इस्लापूरहून मुलंमुली येऊ लागली, गल्लीतल्या घरांत पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. सर तोवर निवृत्त झाले होते. नांदेडच्या त्यांच्या मुलानं, प्रकाशनं, घर एका क्लासला द्यायचं आणि वडिलांना घेऊन जायचं ठरवलं. सामान बांधताना त्यानं विचारलं, "बाबा, ह्या बरण्या टाकून द्यायच्या ना?"

सरांनी चाकू मागितला. मेण स्वतः खरवडलं. झाकण निघालं, तसा त्यांनी बरणीवर वाकून वास घेतला.

"जास्त न्हाई झाला लताकिया," ते म्हणाले. "पोरीचं प्रमाण बरोबर होतं. मी उगंच टोकलं."

त्यांनी पाईप भरला आणि काडीपेटी प्रकाशपुढं धरली. काडी त्यानं लावली.

दोन वर्षांनी सर गेले. मी नांदेडला भेटायला गेले, तेव्हा प्रकाश सांगत होता, "मावशी, बाबा इथं आल्यापासून रोज ताईबद्दल बोलायचे. ती कशी हसायची, शाळेत कुणाशी भांडली, सगळं. लातूरलाबी तुमच्याशी बोलत असतील ना?"

मी हो म्हणाले. त्याला काय सांगणार? त्यांना त्रास होईल म्हणून इतक्या वर्षांत मी एकदाही सुधाचं नाव काढलं नव्हतं. गल्लीत कुणीच काढलं नव्हतं.