ऑर्व्हिलच्या हातची आग

ऑर्व्हिलचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. आजही नाही. त्याच्या पोराने, डॅरिलने, विकलेल्या नशेच्या गोळ्या खाऊन माझी जोलीन गेली. एकोणीस वर्षांची पोर!

हा ऑर्व्हिल एके काळचा पट्टीचा बेवडा. तळ्यात आपोआप उगवणारा रानभात झोडून आणायची होडी त्याने दारूपायी विकली. एका हिवाळ्यात पिऊन बर्फात पडला, डाव्या हाताची तीन बोटं गेली. पण नऊ वर्षांपूर्वी सोडली ती सोडलीच. तेव्हापासून आमच्या आदिवासी वस्तीत कुणी गेलं, की घराबाहेरची आग हाच राखतो. चार दिवस, चार रात्री. ती विझली तर गेलेल्याला पुढची वाट दिसत नाही. आणि राखणारा माणूस आधीचे चार दिवस दारूला न शिवलेला हवा.

"त्याचा हात नको," मी भावांना बजावलं. "तुम्ही राखा."

थोरला खाली बघायला लागला. धाकटा म्हणाला, "अगं, काल जरा... दुःखात..."

"मेल्यांनो, भाची गेली आणि तुम्हाला बाटली सुचली!"

पुतणे, चुलतभाऊ, सगळ्यांना विचारलं. कुणाच्या तोंडाला वास, कुणाचे डोळे तारवटलेले. अख्ख्या वस्तीत एक धड पुरुष सापडेना!

शेवटी त्याच्याच दारात गेले. "तुझ्यावर थुंकावंसंही वाटत नाही मला," म्हटलं. "पण चल."

तो बूट घालूनच बसला होता.

चौथ्या दिवशी दुपारी डॅरिल आला, गेलेल्यासाठी आगीत वाहतात तसा मूठभर तंबाखू घेऊन. मी जळकं लाकूडच उचललं. ऑर्व्हिल मध्ये पडला. वाटलं, पोराला पाठीशी घालतोय. पण त्याने पोराचीच कॉलर धरली.

"शुद्धीत नाहीस तू. चालता हो! उतरल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

डॅरिल गेला. ऑर्व्हिलने आगीत लाकूड सरकवलं. मग डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी डोळे पुसले.

"माझ्यापुढे रडायचं नाही," मी म्हणाले.

"नाही रडत." मग राख सारत म्हणाला, "लॉर्ना, या पोराचं काही खरं नाही. त्याची आग मी राखीन. पण माझी कोण राखणार गं?"

माझे भाऊ गाडीआड बसले होते, हातात सोड्याची बाटली. तिच्यात सोडा नव्हता.

"मी राखीन," मी म्हणाले. "बाईने राखायची नसते, माहितेय मला. चारही दिवस तुला शिव्या घालत राखीन."

"घाल की," तो म्हणाला आणि पुढचं लाकूड उचललं.