बाटलीच्या तळाचा पांढरा थर

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेत इर्मट्राउडने मोटारींमधल्या पडद्यांसाठी द्रवस्फटिकांचं, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचं, चित्र झटकन बदलणारं चपळ मिश्रण जुळवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या राइनरने ते स्वतःचं म्हणून खपवलं. ती मूग गिळून बसली, पण विसरली नाही.

जानेवारीत ते मिश्रण बघायला मोटार कंपनीचे पाहुणे आले. राइनरने गारठलेल्या कोठारातून बाटली आणली. थंडीने मिश्रणातला काही भाग गोठून तळाशी पांढरा थर साचला होता. अख्खी बाटली कोमट करून ढवळायची सोडून त्या उपटसुंभाने वरचं नितळ तेवढं ओतून पडदा भरला. इर्मट्राउड हाताची घडी घालून बघत राहिली.

पाहुण्यांसमोर पडद्यावरचे आकडे झटकन बदलायचे सोडून फरफटू लागले.

"शेजारीच उभी होतीस ना? बोलली का नाहीस?" राइनर खेकसला.

"माझं मिश्रण आधी कोमट करावं लागतं," ती पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुझ्याचं मला काय ठाऊक?"